ब्रुकलिनमधला विद्यार्थ्यांचा इंटरॅक्टिव्ह शो बघायला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

इंटरॅक्टिव्ह म्हणजे तुम्ही हललात, बोललात, हात लावलात की प्रतिसाद देणारी कामं. असा शो बघायला पहिल्यांदा गेले तेव्हा मी पंचवीस मिनिटांत बाहेर आले होते. काळे पडदे, अंधार, कोपऱ्यात कसलेतरी आवाज, भिंतीवर काहीतरी हलतंय, लोक हात वर करून उभे, आणि मी आपली म्युझियममध्ये उभं राहतात तशी हाताची घडी घालून प्रत्येकासमोर दहा सेकंद उभी. काहीच झालं नाही. होणारच नव्हतं म्हणा, कारण समोरच्या वस्तूला मी तिथे आहे हे कळायलाच हवं होतं आणि मी तिला कळू देत नव्हते. पुढच्या वेळी आई सांगलीहून आली होती, तिला घेऊन गेले आणि आम्ही तीन तास आत होतो. आईला इंग्रजी बेताचंच येतं, कॉम्प्युटरचा तर संबंधच नाही, तरी माझ्यापेक्षा जास्त तिला कळलं. का ते पुढे येईलच.

तर हे मुख्यतः जर्सीत नाहीतर न्यूयॉर्कमध्ये नव्याने आलेल्या मंडळींसाठी आहे, पण इतर कुठल्याही कॉलेजच्या अशा प्रदर्शनाला जाणार असाल तरी अर्ध्याहून जास्त उपयोगी पडेल. त्यातही स्वप्नांवरच्या कामांबद्दल जरा जास्त लिहिलंय.

१. आधी कुठे आणि कधी ते बघा

मी उदाहरण धरतेय ते एनवाययूच्या, म्हणजे न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या, टिश या कलाशाखेतल्या आयटीपीच्या शोचं. पूर्ण नाव इंटरॅक्टिव्ह टेलिकम्युनिकेशन्स प्रोग्राम, १९७९ मध्ये रेड बर्न्स नावाच्या बाईंनी सुरू केला. नाव जुनाट वाटतं कारण तेव्हा केबल टीव्ही आणि टेलिफोन हेच नवं तंत्रज्ञान होतं. आता तिथे मुलं सेन्सर, प्रोजेक्टर, आवाज, कापड, लाकूड, कोड सगळं एकत्र करून कामं करतात. फोरस्क्वेअर हे आपण कुठे आहोत ते मित्रांना कळवणारं ॲप काढणाऱ्या डेनिस क्राउलीची डॉजबॉल ही आधीची, फोनच्या मेसेजवर चालणारी सेवा म्हणजे इथलाच विद्यार्थी-प्रोजेक्ट होता, ती २००५ मध्ये गूगलने घेतली.

शो वर्षातून दोनदा असतो, एक डिसेंबरात आणि एक मेमध्ये, सेमिस्टर संपताना. प्रत्येक वेळी फक्त दोन दिवस आणि तेही साधारण दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंतच. फुकट असतो, कोणालाही जाता येतं. पहिला सापळा इथेच आहे, लोकांना वाटतं महिनाभर चालू असेल, पुढच्या वीकेंडला जाऊ. पुढच्या वीकेंडला तिथे फक्त टेप काढलेल्या भिंती असतात. तारीख कळली की लगेच कॅलेंडरमध्ये टाका.

डिसेंबर की मे? मे. हवा चांगली असते, अंगावर कोट नसतो (कोटाचं पुढे सांगते, फार महत्त्वाचं आहे). पण डिसेंबरच्या शोमध्ये पहिल्या सेमिस्टरच्या मुलांची कामं जास्त असतात आणि ती मला व्यक्तिशः जास्त आवडतात. जरा वेडीवाकडी असतात, वायरी बाहेर लोंबत असतात, पण त्यांत धाडस असतं.

एक सांगून ठेवते, आयटीपीत विषय मिसळीसारखे असतात, सगळा शो स्वप्नांवर नसतो. पण झोप, स्वप्नं, आठवणी हा अशा मुलांचा लाडका विषय आहे, एखाददुसरं तसं काम कुठल्याही शोमध्ये भेटतंच. अख्खं प्रदर्शन स्वप्नांवर असं मी एका दुसऱ्या कॉलेजात पाहिलं, खाली स्वप्नांच्या खोल्यांबद्दल जे लिहिलंय ते बरंचसं तिथलं.

२. नाव नोंदवा, आणि हे बरोबर घ्या

फुकट आहे म्हणून तडक जाऊ नका. बहुतेक कॉलेजं आधी ऑनलाइन नाव नोंदवायला सांगतात आणि दारात फोटो असलेलं ओळखपत्र बघतात. घरातल्या प्रत्येकाचं नाव वेगळं नोंदवा, "माझ्यासोबत दोघं आहेत" हे सिक्युरिटीवाल्याला दरवेळी चालेलच असं नाही.

बरोबर काय हवं:

- ओळखपत्र. इथलं लायसन्स चालतं. भारतातून आलेले आईवडील असतील तर त्यांचा पासपोर्ट, फोनमधला फोटो नको, खरा पासपोर्ट.
- नोंदणीची ईमेल, स्क्रीनशॉट काढून ठेवा.
- सबवेसाठी टॅप होणारं कार्ड किंवा फोन.
- चष्मा लावत असाल तर तोच, शक्यतो बारीक फ्रेमचा. व्हीआर हेडसेटमध्ये (डोळ्यांवर चढवून आभासी जग बघायचं यंत्र) मोठी फ्रेम अडकते.
- न फाटलेले मोजे. हसू नका. काही खोल्यांत बूट काढून जावं लागतं, गालिचा किंवा गादीच कामाचा भाग असते. माझा अंगठा बाहेर आलेला होता.
- कानात घालायचे बोळे, आवाजाचा त्रास होत असेल तर.
- पाण्याची छोटी बाटली, बॅगेत बंद. आत हातात धरून फिरू नका, सगळीकडे जमिनीवर वायरी असतात.

मोठी सॅक नको. पाठीवरची सॅक घेऊन वळलं की मागचं कुणाचंतरी चार महिन्यांचं काम खाली येतं.

३. कपडे

हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर.

या कामांना तुम्ही दिसता ते साधारण तीन-चार मार्गांनी. एक म्हणजे अल्ट्रासोनिक सेन्सर, दोन गोल डोळ्यांसारखा दिसतो, माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. स्वस्तातला जो सगळी मुलं वापरतात तो २ सेंटिमीटर ते ४ मीटरपर्यंत मोजतो. आता मऊ, जाड कापड आवाज पिऊन टाकतं. म्हणजे तुम्ही लोकरीचा कोट घालून उभ्या असाल तर त्या सेन्सरच्या लेखी तुम्ही तिथे नसताच.

दुसरा म्हणजे डेप्थ कॅमेरा. मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट २०१० मध्ये व्हिडिओ गेमसाठी आला आणि कलावाल्यांनीही खूप वापरला. हा न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो आणि तो परत आला की आकार ओळखतो. काळं कापड, विशेषतः काही प्रकारचं, हा प्रकाश शोषून घेतं. आणि न्यूयॉर्कमध्ये डिसेंबरात समस्त जनता काळ्या जाकिटात असते! मग पडद्यावर नुसता चेहरा आणि दोन हात तरंगताना दिसतात. स्वप्नाच्या विषयाला तसं शोभतंही म्हणा.

तिसरा म्हणजे साधा वेबकॅम आणि त्यामागे शरीराचे सांधे ओळखणारा प्रोग्रॅम. खांदा, कोपर, गुडघा असे ठिपके तो शोधतो. साडीत गुडघे कुठून सापडणार. दुसऱ्या कॉलेजातल्या त्या प्रदर्शनात आई भिंतीसमोर उभी राहिली तर भिंतीवरच्या सावलीला पायच फुटेनात, कमरेखाली नुसतं धुकं. ती पोरगी ओशाळली बिचारी, सॉरी सॉरी म्हणायला लागली. आई मला म्हणाली, "अगं तिला सांग, स्वप्नात कधी कुणाचे पाय दिसतात का?" मी भाषांतर केलं. पोरीने तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं.

तर थोडक्यात, फिकट रंगाचा, अंगाबरोबर बसणारा वरचा कपडा, कोट काढून हातावर. कोट ठेवायला जागा असेलच असं धरून चालू नका. साडी नेसणाऱ्या आईला साडीच नेसू द्या, फक्त पदर खोचायला सांगा, प्रोजेक्टरच्या वायरीत अडकायला नको.

४. पोचायचं कसं

पत्ता ३७० जे स्ट्रीट, डाउनटाउन ब्रुकलिन, चौथा मजला. पूर्वी हा विभाग मॅनहॅटनमध्ये ७२१ ब्रॉडवेला होता, जुन्या लेखांत तो पत्ता सापडतो, तिकडे जाऊ नका. गंमत म्हणजे तिथेही चौथाच मजला होता.

जर्सी सिटीहून पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटर. एडिसनकडून येणाऱ्यांनी एनजे ट्रान्झिटच्या ट्रेनने नेवार्क पेन स्टेशन आणि तिथून पाथ. वर्ल्ड ट्रेडला उतरल्यावर ए किंवा सी ट्रेन पकडायची, ब्रुकलिनच्या दिशेची. तिथेच ई ट्रेनही उभी दिसते आणि रिकामी असते म्हणून नवीन माणूस हमखास तिच्यात जाऊन बसतो. ई तिथे संपते आणि उलटी वर जाते, मी क्वीन्सच्या अर्ध्या वाटेला लागले होते. ए-सीच्या तिथल्या स्टेशनाचं नाव चेंबर्स, त्यानंतर फुल्टन, हाय स्ट्रीट, मग जे स्ट्रीट-मेट्रोटेक, तिथे उतरा. नाहीतर वर्ल्ड ट्रेडच्याच कोर्टलँड स्टेशनातून आर ट्रेन, तीही जे स्ट्रीटला थांबते. वीकेंडला ट्रेनचे मार्ग बदलतात, निघायच्या आधी फोनवर बघून घ्या.

स्टेशनातून वर आलात की इमारत समोरच. ही इमारत १९५१ ची, मुळात न्यूयॉर्कच्या वाहतूक खात्याचं मुख्यालय. सगळ्या सबवे स्टेशनांवर जमलेली नाणी आणि टोकन एका खास मनी ट्रेनने इथे आणून मोजायचे, खाली रुळांपासून थेट इमारतीत यायची गुप्त वाट होती, २००६ पर्यंत हे चालू होतं. आत जाताना हे आठवलं की मला उगाच मजा वाटते.

५. आत गेल्यावर पहिली वीस मिनिटं नुसतं फिरा

कशालाही हात लावू नका, कुठेही रांगेत उभं राहू नका. एक चक्कर मारा. कुठे रांग आहे, कुठे अंधाऱ्या खोल्या आहेत, कुठे हेडसेट घालायचाय ते बघून ठेवा. अंधाऱ्या खोलीत एका वेळी एक-दोघांनाच सोडतात आणि प्रत्येकाला पाच मिनिटं धरली तरी पुढे दहा माणसं असली की झालं. म्हणून ज्या खोलीत जायचंच आहे तिथे आधी जा, टेबलावरची कामं नंतर बघता येतात.

वेळ कोणती? उघडल्यानंतरचा पहिला तास थोडा टाळा, तेव्हा अर्धी मुलं अजून लॅपटॉप रीस्टार्ट करत असतात. शेवटचा तासही टाळा, मुलं दमलेली असतात आणि सगळे नातेवाईक तेव्हाच येतात. मधला वेळ सोन्याचा.

६. स्वप्नाच्या खोलीत शिरताना

आता मुख्य गोष्ट. स्वप्नावरचं काम करणारी मुलं दोन-तीन युक्त्या फिरवून फिरवून वापरतात आणि त्या आधी माहीत असल्या तर मजा जात नाही, उलट वाढते.

सगळ्यात आवडती युक्ती म्हणजे उशीर. तुम्ही हात वर करता आणि भिंतीवरची तुमची आकृती दोन सेकंदांनी वर करते. स्वप्नात पळायला जावं आणि पाय उचलू नयेत, तसं काहीसं. झोपेचा जो भाग स्वप्नांचा मानतात, डोळे बंद पापणीखाली भराभर हलतात तो, ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी १९५३ मध्ये पहिल्यांदा मांडला. त्या वेळात हातापायाचे स्नायू जवळजवळ बंद केलेले असतात, नाहीतर आपण स्वप्नातली मारामारी खरीच केली असती. मुलांनी हे सगळं वाचलेलं असतं आणि ते खोलीत घुसवलेलं असतं. पण बघणारा काय करतो, हात वर केला, लगेच काही झालं नाही, की "बंद आहे वाटतं" म्हणून निघून जातो. हाच सगळ्यात मोठा सापळा. थांबा. मनात वीसपर्यंत मोजा. मग परत हळू हलवा. लाइटचं बटण दाबल्यासारखं वागू नका.

दुसरी युक्ती श्वासाची. पोटाला एक ताणणारा पट्टा बांधतात आणि तुमच्या श्वासाबरोबर खोलीतला प्रकाश कमी-जास्त होतो. इथे लोक दाखवायला म्हणून जोरजोरात श्वास घेतात आणि चक्कर येते. नेहमीसारखा घ्या, काम त्यावरच बेतलेलं असतं.

तिसरी म्हणजे तुमच्याकडूनच काहीतरी मागणं. कागदावर स्वप्न लिहा, टेलिफोनमध्ये सांगा, आणि मग ते आवाज, चित्र होऊन परत येतं. इंग्रजीत लिहायचं दडपण घेऊ नका. आईने टेलिफोनमध्ये तिचं नेहमीचं स्वप्न मराठीत सांगितलं, गॅसवर दूध ठेवलंय आणि ती दुसऱ्याच गावात आहे. दोन माणसांनंतर तिचाच आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकातून हळू हळू आला, दूध उतू चाललंय म्हणून. तिथे उभ्या असलेल्या एकालाही शब्द कळला नाही आणि सगळे गप्प झाले. मी तर बाहेर येऊन बसले जरा वेळ. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, पण आईच्या मनात एवढं दूध असेल हे मला माहीत नव्हतं.

आणि एक, ग्रुपने घुसू नका. दोनच्या जागी सहा माणसं शिरली की सेन्सर गोंधळतो आणि मग "काम चालतच नाही" असा शेरा मारून सहाही जण बाहेर.

७. उभ्या असलेल्या मुलाशी बोला, खरंच बोला

आईला माझ्यापेक्षा जास्त कळलं ते याच्यामुळे. म्युझियममध्ये कलाकार शेजारी उभा नसतो, इथे असतो. थकलेला, रात्रभर न झोपलेला, आणि कुणीतरी विचारावं म्हणून टपलेला. भिंतीवरची पाटी वाचण्यात दोन मिनिटं घालवू नका, ती पाटी त्याने आदल्या रात्री उशिरा घाईत लिहिलेली असते.

"हे काय आहे" असं विचारलंत तर पाठ केलेलं उत्तर मिळेल. त्यापेक्षा "आधी कसं होतं, काय बदलावं लागलं" विचारा. मग खजिना उघडतो. कोणी सांगेल की सेन्सर छताला लावला होता, पण मग लहान मुलं सापडेनात. कोणी सांगेल की आवाज आधी फार भीतीदायक झाला होता. आतलं एखादं सर्किट दाखवा म्हटलं तर बहुतेक जण आनंदाने वरचं झाकण किंवा कापड उचलून दाखवतात. आत बहुधा आर्डुइनो नावाचा बोर्ड सापडेल. तो २००५ मध्ये इटलीत तयार झाला आणि तो बनवणाऱ्यांपैकी टॉम आयगो यांनी आयटीपीतच बरीच वर्षं शिकवलंय. म्हणून तिथे "पी-कॉम्प" हा शब्द सतत कानावर पडेल, फिजिकल कॉम्प्युटिंग, म्हणजे कीबोर्ड-माउस सोडून अंगाने कॉम्प्युटरशी बोलायचं शास्त्र.

तुम्ही गोंधळलात तर लपवू नका. कुठे हात लावायचा कळलं नाही, कधी संपलं कळलं नाही, हे सांगितलं तर त्यांना चालतं, किंबहुना तेच हवं असतं. नवा माणूस कुठे अडतो हे वर्गातल्या मित्रांना दिसत नाही, त्यांनी ते काम पन्नास वेळा पाहिलेलं असतं.

काय विचारू नये: "याचा उपयोग काय" आणि "नोकरी कुठे मिळेल". हे दोन्ही प्रश्न मी एका मराठी काकांना लागोपाठ विचारताना ऐकलेत, मुलगा भारतीय होता, त्याचा चेहरा अगदी घरून फोन आल्यासारखा झाला.

८. तब्येत, लहान मुलं, आजीआजोबा

लुकलुकणाऱ्या प्रकाशाने कुणाला फिट येण्याचा इतिहास असेल तर आत जाण्याआधीच विचारा, दारावर सूचना नसली तरी. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा चमकणारा प्रकाश धोक्याचा मानतात. मायग्रेनवाल्यांनीही विचारावं.

व्हीआर हेडसेटने गरगरलं तर "अजून थोडंच राहिलंय" म्हणून ताणू नका, लगेच काढा. सोसत बसलात तर पुढचा तासभर मळमळत राहतं. गुडघे दुखणाऱ्यांना बसून करू देतात, मागा.

लहान मुलांना जरूर न्या, ती यात आपल्यापेक्षा हुशार असतात. फक्त अंधाऱ्या खोलीत आधी तुम्ही जाऊन या. आणि "हात लावू नको" हे इथे उलटं आहे, कुठे लावायचा ते विचारून सांगा.

९. फोन

फ्लॅश बंद. अंधाऱ्या खोलीत एक फ्लॅश म्हणजे आतल्या माणसाचं स्वप्न मोडलं आणि प्रोजेक्शनही धुऊन गेलं. व्हिडिओ काढायचा तर आधी एकदा फोन खिशात ठेवून अनुभव घ्या, मग दुसऱ्या फेरीत काढा. दोन्ही एकदम होत नाही, एका हातात फोन असला की सेन्सरला एकच हात मिळतो. दुसऱ्या कुणी सांगितलेली स्वप्नं रेकॉर्ड करून स्टेटसला टाकू नका, कृपा करा.

आवडलेल्या कामाच्या पाटीचा फोटो मात्र घ्या. घरी आल्यावर सगळी नावं एकमेकांत मिसळतात.

१०. आधी किंवा नंतर

वेळ असेल तर शोच्या आधी ट्रान्झिट म्युझियम करा, चालत पाच-दहा मिनिटांवर, बोरम प्लेस आणि शर्मरहॉर्नच्या कोपऱ्यावर. १९३६ च्या बंद पडलेल्या स्टेशनातच आहे, खाली रुळांवर जुने डबे उभे. वेताच्या सीट आणि छताला पंखे असलेला डबा बघून आई म्हणाली, हा तर आपलाच. तिथे तिकीट आहे आणि रोज उघडं नसतं, दिवस बघून जा.

भूक लागली तर फ्लॅटबुशवर ज्युनिअर्सचं चीजकेक, १९५० पासूनचं दुकान, एक तुकडा दोघांना पुरतो. अटलांटिक ॲव्हेन्यूकडे वळलात तर साहादीज, तिथे सुकामेवा आणि मसाले सुटे मिळतात, आईने तिळाचा भाव विचारून घेतला आणि सांगलीच्या भावाशी ताडून पाहिला, न घेताच निघाली.

आणि घरी आल्यावर त्या पाटीवरच्या पत्त्यावर विद्यार्थ्याला दोन ओळी लिहा. आईचं पायांचं वाक्य जिने वहीत लिहून घेतलं होतं त्या मुलीला मी लिहिलं, तर तिचं उत्तर आलं की आता तिने सगळ्यांच्याच सावल्यांचे पाय काढून टाकलेत.